उप म्हणजे जवळ

—नाही हो सर, हॉर्नचं भांडण नाही आज. दार लावू नका, प्लीज. ओळखलंत ना मला? ओळखलंतच, कपाळावरच्या आठ्या सांगतायत. तुमच्या गल्लीत शिकाऊ मुलं घेऊन येते ती मीच, ड्रायव्हिंग स्कूलवाली. तुमच्या फाटकासमोर रिव्हर्स शिकवते, मुलं घाबरून हॉर्नवर हात ठेवतात ते काढतच नाहीत, तुम्ही वर गॅलरीतून पेपर हलवत ओरडता—सगळं कबूल. यापुढे माझ्या गाडीचं एक चाक या गल्लीत फिरकणार नाही, हवं तर शपथ घेते. पण आज काम वेगळं आहे. तुमच्याकडे आहे—म्हणजे तुमच्याकडे नाही, तुमच्या त्या शब्दांकडे. येऊ आत? चपला इथेच काढते. पाच मिनिटं. पाचात नाही झालं तर हाकला.

बसते. बापरे, केवढी पुस्तकं, खुर्चीवरसुद्धा—नाही नाही, उचलू नका, मी अशी कडेला बसते. रविवारचं सदर तुम्हीच लिहिता ना? अमुक शब्द कुठून आला, त्याचं मूळ काय, मूळ अर्थ काय होता आणि आपण त्याचं काय करून ठेवलं—तेच. वर फोटो असतो, त्यातले केस काही आता—रागावू नका, पण म्हणून तर मला इतके दिवस कळलं नाही. गॅलरीतले काका आणि सदरातले सर एकच! पेपरच्या ऑफिसात गेले, हातापाया पडून पत्ता मिळवला, चिठ्ठी उघडून बघते तर ही गल्ली. म्हटलं झालं, आता हा माणूस मला उभीसुद्धा करणार नाही. तरी आले. कारण सर, तुम्ही उपवासावर लिहिलंत ना, त्या लेखापायी आमच्या घरात एक माणूस मरायला टेकलंय. वाढवून सांगत नाहीये. डॉक्टर म्हणाले तेच सांगतेय.

माझ्या सासूबाई. आई म्हणते मी त्यांना. जन्मभर शाळेचे युनिफॉर्म शिवले, निम्म्या गावाच्या पोरांच्या चड्ड्यांना आईंची शिलाई आहे, आणि डोकं असं की ज्याचं नाव ते. तुमच्या भक्त आहेत हो त्या. भक्त म्हणजे—भांडकुदळ भक्त. तोंडात टाचण्या धरून तुमचा लेख मोठ्याने वाचायच्या, मध्येच थांबून म्हणायच्या, इथे घसरला बघ मास्तर. मास्तर म्हणतात त्या तुम्हाला. आमच्या घरात कापडाच्या कात्रीला कागद लावायचा नाही, धार जाते, मी एकदा कुपन कापलं तर आठवडाभर बोलल्या नाहीत माझ्याशी—पण तुमचा लेख मात्र त्या त्याच कात्रीने कापतात. यावरून काय ते समजा. आणि तुम्ही त्यांना असं गोत्यात घातलंत!

काय लिहिलं, म्हणता? आता मलाच विचारा! पाठ झालाय मला तो लेख, गाडीत मुलांना क्लच सोड क्लच सोड म्हणताना तोंडात तेच येतं. उप म्हणजे जवळ, वस् म्हणजे राहणं. उपवास म्हणजे जवळ राहणं. त्यात भूक नाही, पोट नाही, ताट नाही, काही नाही. मग जेवण कुठून सुटलं? तर तुम्ही त्या जुन्या ग्रंथातली गोष्ट सांगितलीत—माणूस उद्या यज्ञ करायचा म्हणून मनात आणतो, देवांना माणसाच्या मनातलं कळतं, मग देव आदल्या दिवशी त्याच्या घरी—बरोबर ना? आणि पाहुणे जेवले नसताना यजमानाने आधी जेवणं बरं दिसत नाही, म्हणून तो जेवत नाही. सभ्यपणा! एवढंच! तुम्ही शेवटी लिहिलंय, आपण जवळ राहणं विसरलो आणि नुसतं उपाशी राहणं तेवढं लक्षात ठेवलं. छान लिहिलंय. खरंच छान लिहिलंय. आईंनी दोनदा वाचलं. चष्मा काढून पुसला, पुन्हा घातला, माझ्याकडे बघितलं आणि म्हणाल्या, आज मास्तर कुठेही घसरला नाही.

आणि त्या आठवड्यात जेवणं बंद. सुरुवातीला मला वाटलं, पोट बिघडलं असेल. मग वाटलं, हट्ट आहे, एकदोन वेळा करतील आणि सोडतील, त्यांना देवाधर्माचं तसं फारसं वेड नाही, देवापेक्षा शिलाई सरळ येण्यावर विश्वास जास्त. पण नाही. रोज ताट सरकवतात. चिडून नाही, रडून नाही—अगदी शांतपणे, दोन बोटांनी, जसं कापड मशीनखालून पुढे सरकवतात ना, तसं. मी म्हटलं, आई, अहो झालंय काय? तर म्हणाल्या, काही नाही झालं. जवळचं माणूस जेवलं की मी जेवेन. बस, एवढंच. आणि उलट विचारलं की पुन्हा तेच—जवळचं माणूस जेवलं की मी जेवेन. मास्तरने लिहिलंय ना, असं वर म्हणतात!

आता पाण्यावर आहेत. चमच्याने पाणी, तेही मी ओरडले तर. डॉक्टरांना घरी आणलं, त्यांनी सलाईन लावलं, ते बाहेर पडतायत तोवर आईंनी सुई काढून उशाशी ठेवली, नीट, टाचणी ठेवावी तशी. डॉक्टर मला जिन्यात म्हणाले, मूत्रपिंडं सुकत चालली आहेत, हृदय आधीच अशक्त, हे असंच राहिलं तर तुम्ही नातेवाइकांना कळवून ठेवा. नातेवाईक! कोण नातेवाईक? शेजारच्या नर्सबाईंना बसवून आलेय मी आत्ता. सकाळी उठायला गेल्या तर गुडघ्यात दुमडल्या हो, माझ्या हातात—शिवायला घेतलेल्या कपड्यासारख्या, वजनच नाही. या बाईने मला लग्नानंतर गाडी शिकायला पाठवलं होतं सर. लोक म्हणाले, सुनेला कशाला, तर म्हणाल्या, माझं मशीन पायावर चालतं, तिची गाडीही पायावर चालू दे. ती बाई माझ्या डोळ्यांसमोर संपत चाललीय आणि मी काय करू? मी ब्रेक दाबतेय. बघा ना, आत्तासुद्धा, तुमच्या गालिच्यावर—पाय आपोआप दाबला जातो, शिकवणाऱ्याच्या बाजूला वेगळा ब्रेक असतो ना, त्याची सवय. घरी ब्रेक नाही. कुठे दाबू?

कोण जवळचं माणूस? कोण म्हणजे? मुलगाच की! त्यांचा मुलगा. माझा नवरा. दुसरं कोण असणार? एकुलता एक आहे. तो तिकडे असतो, परदेशी, बंदरावर क्रेन चालवतो, मोठी, चारमजली घरं उचलल्यासारखे जहाजावरचे डबे उचलते ती. दोन वर्षं झाली. सुट्टी मिळत नाही, कंत्राट असतं, मिळाली तर तिकीट—असं. आईंनी तुमचा लेख वाचला आणि मनात घेतलं, की आता तो येईपर्यंत जेवायचं नाही. तो येईल, पानावर बसेल, जेवेल, मग त्या जेवतील. यजमानबाई! आणि तो काही—म्हणजे, येईलच, पण लगेच कसा येणार?

म्हणून माझं मागणं एवढंच आहे. तुम्ही दुरुस्ती छापा. या रविवारी. किंवा छापायचं राहू द्या, रविवार लांब आहे, तुम्ही आत्ता माझ्याबरोबर चला, गाडी खाली आहे, दहा मिनिटांत घर, दहा मिनिटांत परत आणून सोडते. आईंच्या उशाशी बसा आणि सांगा, की मास्तर घसरला. उपवासाचं मूळ ते नाहीच. दुसरंच आहे. तुम्ही म्हणालात तर ऐकतील त्या. माझं नाही ऐकत. मी करून बघितलं—हसाल तुम्ही—मी त्यांना म्हटलं, आई, वास म्हणजे वास! नाकाचा! उप म्हणजे जवळ. जवळून वास घ्यायचा आणि मग जेवायचं, असा खरा अर्थ आहे, आणि वाटी नेली नाकापाशी. हसल्या. किती दिवसांनी हसल्या! म्हणाल्या, तू गाडीच शिकव, बाई. आणि वाटी सरकवली.

तुम्हीही हसलात. हसा. पण चला.

बरं, वास नको, दुसरं घ्या. आपण बोलताना उपवास कुठे म्हणतो, उपास म्हणतो. मग उपासना! तोच शब्द! उपासना म्हणजे जवळ बसणं—हेही तुमच्याच कुठल्याशा लेखात होतं, आईंच्या कात्रणांच्या डब्यात सापडलं मला. तर सांगा, की उपास हा उपवासातून आलाच नाही, उपासनेतून आलाय. बसायचं फक्त! बसून जेवायचं! काय बिघडलं? नुसती मान नका हलवू. उपासनेतलं आस् वेगळं आणि उपवासातलं वस् वेगळं, व झिजून गेलाय, हे सगळं वाचलंय मी. जाईना का झिजून! कोणाला काय फरक पडतो?

खोटं नाही सांगणार, म्हणता. हं. अहो, एका शब्दाबद्दल खोटं! मी काय तुम्हाला कोर्टात उभं करतेय का? चाळीस वर्षं मुळं शोधलीत, एकदा, एकाच म्हाताऱ्या बाईच्या कानात, एका शब्दाचं मूळ जरा इकडचं तिकडे केलंत तर काय आभाळ कोसळणार आहे? शब्द मेला तर तुम्ही त्याला परत उभा करता, दर रविवारी करता, मेलेले शब्द उकरून उभे करायचे हेच तर तुमचं काम. आईंना कोण उभं करणार आहे? सांगा ना! त्या गेल्या तर मी—मी कुठे जाऊ? तुमचं त्या शब्दावर एवढं प्रेम, आणि—माफ करा. आवाज चढला. मॅडम, तुम्हाला बाहेर यावं लागलं, माफ करा, सरांना काही करत नाही मी, तुम्ही आत जा, मी ओरडणार नाही आता. चहा? नको हो. खरंच नको. ठेवा तिथे, घेते मी मग.

त्याला फोन? केला की. म्हणजे तसा... हो ना, साधी गोष्ट आहे, मुलाला फोनवर घ्यायचं, आईशी बोलायला लावायचं, आई, तू जेव, मी इकडे जेवलो—मला सुचलं नसेल का? पहिलं तेच सुचलं. त्याने नाही घेतला. मग घेतला. मी सांगितलं, आईंनी जेवण सोडलंय. तर म्हणाला, मग तू सांगितलंस वाटतं. मी म्हटलं, नाही सांगितलं. तर म्हणाला, आज ना उद्या सांगावं लागेलच, तूच सांग, तुझं बरं ऐकते ती. मी नाही सांगू शकत. आणि ठेवला.

काय सांगायचं? काही नाही. त्यांच्या घरातलं—आमच्या घरातलं आहे.

अहो, घर केलंय त्याने तिकडे. झालं? ऐकलंत? त्याच बंदरावर ऑफिसात आहे कोणी, बरी असेल, मला काय माहीत, तिला दिवस गेलेत. परत येणार नाही. तुमचा लेख यायच्या दोन दिवस आधी त्याचा फोन आला, घटस्फोटाचे कागद वकिलाकडून पाठवतो म्हणाला, राग मानू नकोस म्हणाला, आणि म्हणाला, आईला तू सांग. आईला तू सांग! म्हणजे बघा, नवरेपण संपल्यावरसुद्धा काम सांगतोय. मी हो म्हटलं. सवयीने हो म्हटलं! मग कुकर बंद केला आणि आईंना जाऊन सांगितलं, त्याचा फोन होता, बरा आहे, तुमची आठवण काढत होता.

कसं सांगू मी? तुम्ही सांगाल? एकुलता एक मुलगा, त्याच्यासाठी बाई दिवसदिवस मशीनवर वाकलेली, आणि मी जाऊन म्हणू, तुम्ही ज्याची वाट बघताय तो यायचा नाही? त्या क्षणी जातील त्या. आणि नाही सांगितलं तर वाट बघत उपाशी जातील. दोन्हीकडून तेच! म्हणून मी विचार केला, मुलगा काही मला फिरवता येत नाही, शब्द फिरवता येईल. शब्द फिरला तर वाट बघणं सुटेल. म्हणून आले. तुम्हाला हे काहीच सांगणार नव्हते. कोणालाच नाही सांगितलं, नर्सबाईंनाही नाही, आणि तुम्हाला, हॉर्नवाल्या काकांना—

आणखी एक सांगू? भीती फक्त आईंची नाही. कळल्यावर त्या माझ्याकडे बघतील ना, तेव्हा काय म्हणून बघतील? मुलगाच नाही तर सून कुठली? मला त्यांनी जा म्हटलं तर? नाही म्हणणार. पण म्हटलं तर? माझे आईवडील गेले. पण राहायला जागा मिळणार नाही, असं नाही—भाड्याने कुठेही राहीन, कमावते मी. पण आई कुठून आणू?

नाही, रडत नाहीये. बिस्किट? नको. नको ना मॅडम, आग्रह नका करू. आत्ताच खाल्लं मी. काय खाल्लं? ते... स्कूलवर. डबा असतो माझा. अहो खरंच, असं काय बघताय दोघं—बरं, नाही खाल्लं. नाही खाल्लं आज. काल? कालही जात नव्हतं. त्या फोनपासून घास घशाखाली उतरतच नाही, तोंडात घोळतो आणि तिथेच राहतो. चहावर असते, चक्कर आली की साखर टाकून पाणी. डबा नेते रोज, स्कूलच्या मागे कुत्री आहेत, ती लठ्ठ झालीत माझ्यामुळे. शिकवताना काही होत नाही, काळजी नको, दुसऱ्याची गाडी असली की मी शुद्धीवर असते. आणि घरी कळू देत नाही मी. आई तर रोज विचारतात, मी चपला काढायच्या आत, जेवलीस? मी म्हणते, हो, तिकडेच पोटभर खाल्लं, मुलांनी आणलं होतं. त्या नुसतं बघतात. बरं, म्हणतात. आणि मग मी त्यांचं ताट वाढते आणि त्या सरकवतात. स्वतः मरणाच्या दारात आणि मला विचारतात जेवलीस का! तशाच आहेत त्या. हल्ली तर माझी खाटसुद्धा स्वतःच्या खोलीत ओढून घेतलीय, म्हणे रात्री भीती वाटते. आई आणि भीती! गल्लीत चोर शिरला होता तेव्हा गज घेऊन एकट्या खाली उतरल्या होत्या. पण मी म्हटलं, असेल, म्हातारपण आहे.

काय शोधताय? तो ग्रंथ? कशाला, सर, मला संस्कृतचं अक्षर कळत नाही. सांगा, नुसतं सांगा. मी काय चुकीचं म्हटलं? म्हटलं की, देव येणार म्हणून यजमान वाट बघत उपाशी—

नाही?

‘येणार’ असं नाही, ‘आले’ असं आहे. बरं, आले. देव आले आणि... राहिले. घरात राहिले, जवळ. मग? मला फरक नाही कळत सर, येणारे काय आणि आलेले काय, पाहुणेच ना. नाही कसं? वाट बघणं नाहीच त्यात? कुठेच नाही? जे लांब आहेत त्यांच्यासाठी नाही. जे आलेत, ज्यांनी त्या घरात मुक्काम केलाय आणि अजून जेवले नाहीत—त्यांच्याआधी यजमानाने जेवायचं नाही. हे होतं लेखात? असंच होतं? मग मी काय वाचलं? पाठ आहे ना मला—देव त्याच्या घरी येऊन राहतात... हो. येऊन राहतात. आहे. ‘येऊन’ हा शब्दच मी खाल्ला, सर. येतील, असं वाचलं मी दर वेळी. माझ्या डोक्यात तोच होता ना, न येणारा.

पण आईंनी तर दोनदा वाचलं. आणि त्या कधी एक टाका चुकवत नाहीत.

मग आई कोणासाठी? घरात कोण आलंय? कोणी नाही. घरात आमच्या कोणी येत नाही, कोणी राहत नाही, त्या आणि मी, आम्ही दोघीच—

थांबा.

थांबा जरा, बोलू नका.

जवळचं माणूस म्हणाल्या. मुलगा नाही म्हणाल्या. त्याचं नाव... एकदाही नाही घेतलं. इतके दिवस मी त्यांच्यापुढे त्याच्या खोट्या आठवणी सांगतेय, तो असं म्हणाला, तो तसं म्हणाला, आणि त्या बघतात आणि म्हणतात, बरं. मला वाटलं रेडिओ चालू होता. फोन आला तेव्हा रेडिओ चालू होता, त्यांना ऐकू गेलं नसेल, असं मी धरून चालले. नव्हता चालू. मी लावला, सर. फोन ठेवल्यावर मी लावला, माझं रडणं ऐकू जाऊ नये म्हणून. त्याच्या आधी घरात आवाजच नव्हता, मशीनसुद्धा थांबलं होतं. मशीन का थांबलं होतं? त्या कधी मधेच शिलाई सोडत नाहीत.

सगळं माहीत आहे त्यांना. पहिल्या दिवसापासून. आणि कुत्र्यांचंही माहीत असणार, डबा परवापर्यंत त्याच घासायच्या ना, चाटूनपुसून लख्ख, मी कधी इतका लख्ख डबा आणलाय का. मग सरळ बोलल्या का नाहीत? मला का नाही म्हणाल्या, अगं, मला कळलंय, जेव आता? ...मी म्हटलं असतं, जेवले. म्हटलं असतंच. खोटं बोलले असते आणि त्यांना समजावत बसले असते. मला बोलून काही होत नाही हे माहीत आहे त्यांना, म्हणून ताट सरकवलं. मी नाही तर त्या नाहीत. मला म्हणाल्या हो त्या, जवळचं माणूस. मला! आणि मी इथे तुमच्याकडून खोटं मूळ मागत बसलेय, त्या तिकडे संपतायत.

नको, तुम्ही नका येऊ. काय सांगाल त्यांना? तुमचं काही चुकलेलं नाही, आणि जे चुकलं ते त्यांनी कधीच ओळखलंय. चावी—माझी चावी कुठे ठेवली मी? ही. सर, मला जेवायला लागणार. कळतंय तुम्हाला? दुसरा काही इलाज नाही, डॉक्टर नाही, सलाईन नाही. त्यांच्यासमोर बसून मला घास घ्यायचा आणि गिळायचा, खोटा नाही, त्या माझ्या गळ्याकडे बघत असतील. आणि तो उतरत नाही हो. उतरतच नाही. नाही उतरला तर?

बाजूला व्हा, मॅडम. नाही, इथे नाही खाणार मी, पाणीसुद्धा नको. तिथे बसूनच. त्या जाग्या आहेत तोवर.

नका हो अडवू. जाऊ दे मला.